चौथा स्क्रू सैल ठेवावा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सहासष्ट, धंदा संगणकांची जुळणी, आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या कामाच्या टेबलावर बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तब्येत वयाला शोभेल इतकीच कुरकुरते. मला कोणी धाक घातलेला नाही की आमिष दाखवलेले नाही. दाखवायला सध्या घरात कोणी नाहीच. याआधीचे मृत्युपत्र मी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले होते. त्यातला मजकूर सूनबाईंना कसा कळला याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. ते मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते.

जन्मभर संगणक जुळवणाऱ्या बाईने हे हाताने का लिहावे, असे वाचणाऱ्याला वाटेल. कारण असे की जुना संगणक बंद पडला आहे आणि नव्यावर माझा भरवसा नाही. दोन्हींची हकिकत पुढे येईल. ती सांगणे भाग आहे, कारण घर कोणाला जाणार हे तिच्यावरच ठरले आहे.

कलम १. माझी माणसे

मला दोन मुले. थोरला मुलगा, आणि धाकटी मुलगी. थोरल्याची बायको म्हणजे वर आलेल्या सूनबाई. माझे पती सहा वर्षांपूर्वी वारले. आमच्या घराची पुढची खोली हेच आमचे दुकान. लोक यायचे, बजेट सांगायचे, आणि आम्ही त्यांना सुटे भाग आणून घरचा संगणक जुळवून द्यायचो. गिऱ्हाइकांशी बोलणे, भाव करणे हे त्यांचे काम. जुळणी माझी. गिऱ्हाईक म्हणायचे, "साहेब, मशीन काय झकास बनवलंय तुम्ही!" मग हे आतल्या दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणायचे, "ऐकलंत का हो? मी झकास बनवलंय म्हणे."

माझे बोट स्थिर आहे ते कॉन्व्हेंट शाळेमुळे. तिथे सिस्टर आम्हाला भरतकाम शिकवायच्या. फूल कितीही सुरेख उतरलेले असो, त्या आधी कापड उलटे करून मागची बाजू पाहायच्या. मागे गाठींचा गुंता असला की पुढचे फूल बाद. तेव्हापासून मला कुठलीही गोष्ट, आणि खरे सांगायचे तर कुठलेही माणूस, उलट करून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही.

कलम २. हत्यारे आणि किरकोळ वस्तू

बारीक चिमटा धाकटीला द्यावा. मी दुकानात नसताना ती त्याने भुवया कोरायची हे मला ठाऊक होते; आता उघड कोराव्या.

सुट्या भागांचे कपाट, त्यातल्या पंख्या-केबलींसकट, आमच्या दातांच्या डॉक्टरांना. त्यांच्या दवाखान्यातला पहिला संगणक आम्हीच जुळवला होता. ते या मृत्युपत्राचे व्यवस्थापकही आहेत.

टेबलावरचा मान वळणारा दिवा वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या वहिनींना. डोळे त्यांनाही जपायचे आहेत.

लोहचुंबक असलेला लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर माझ्या दिरांना. तो त्यांनी "आत्ता आणून देतो वहिनी" म्हणून नेला तेव्हा धाकटी शाळेत जात होती. आता तिची मुलगी जाते. तो मी त्यांना रीतसर देत आहे, म्हणजे निदान इथून पुढे तरी तो त्यांच्या घरी कायदेशीरपणे राहील.

भरतकामाचे रेशीम, रिळे, कडी सूनबाईंना. त्या वापरणार नाहीत, पण नीट लावून ठेवतील. इतकी टापटीप बाई माझ्या पाहण्यात नाही, आणि टापटिपीवर माझा विश्वास नाही.

कलम ३. नवा चपटा संगणक

हा थोरल्याने गेल्या महिन्यात आणून दिला. वहीएवढा जाड, अंगाला एकही स्क्रू दिसत नाही. मी तो सिस्टरांसारखा उलटा केला. मागची बाजूही पुढच्यासारखीच गुळगुळीत. याच्या आतला प्रोसेसर बोर्डाला सोल्डर करून कायमचा बसवलेला आहे, मेमरीसुद्धा. म्हणजे उद्या काहीही एक बिघडले की सगळेच टाकून द्यायचे.

आमच्या वेळी प्रोसेसर खाचेत बसायचा. बाजूची कडी उचलायची, कोपऱ्यावरचा त्रिकोण त्रिकोणाशी जुळवायचा आणि सोडून द्यायचे. दाबायचे नाही. तो आपल्या वजनाने आत उतरतो. मग कडी खाली. बोर्ड मेला तर प्रोसेसर काढून दुसऱ्या बोर्डावर बसवता येतो. हे म्हणायचे, "संसार असावा तर असा. एकाच्या दुखण्यात दोघांची तिरडी कशाला?"

थोरला शिकला आणि नेमका असले सोल्डर केलेले बोर्ड आखणाऱ्या कंपनीत लागला. त्या दिवशीचे बापलेकांचे बोलणे मला तोंडपाठ आहे.

"म्हणजे दारं बुजवायची नोकरी," हे म्हणाले.

"बाबा, लोकांना उघडायचंच नसतं. त्यांना फक्त चालायला हवं असतं."

"नसेल उघडायचं. पण उघडता येऊच नये हे कोणी ठरवलं? तू?"

"मी कोण ठरवणार? मी साधा नोकर आहे."

"तेच म्हणतोय मी."

त्यानंतर दोघे हवापाण्यावर बोलायचे, मुलांच्या शाळेवर बोलायचे. संगणकाचा विषय घरातून गेला तो गेलाच. हे गेले तेव्हा थोरला आला, सगळे विधी केले, आणि पुढच्या खोलीत पाऊल न ठेवता परत गेला.

असा मुलगा मला सोल्डर केलेला संगणक आणून देतो आणि म्हणतो, "आई, तो जुना डबा आता काढून टाक. धूळ खातोय नुसता." का? नव्याला वरती डोळ्यासारखा कॅमेरा आहे. मी त्यावर जखमेला लावायची पट्टी चिकटवली आहे. ती कोणी काढू नये. हा संगणक ज्याने आणला त्यालाच परत जावा, पट्टीसकट.

कलम ४. जुना संगणक

हा पुढच्या खोलीतल्या टेबलाखाली आहे. यावर मी पत्रे लिहिते, फोटो पाहते आणि दुपारी पत्ते खेळते. त्याला इंटरनेट नाही, त्यामुळे त्याला कोणाकडे चुगली करता येत नाही. यातला प्रोसेसर पंचवीस वर्षांपूर्वीचा. थोरला बारा वर्षांचा असताना हा त्याच्या हातून फरशीवर पडला आणि खालच्या केसासारख्या पिनांपैकी कोपऱ्याजवळची एक आडवी झाली. पोरगा रडकुंडीला आलेला. यांनी शिसे काढलेली खटक्याची पेन्सिल त्याच्या हातात दिली, तिची पोकळ नळी पिनेवर चढवायला लावली आणि हात धरून ती हळूहळू उभी करवली. पिन उभी राहिली, पण मानेत किंचित कललेली राहिली. हे म्हणाले, "झालं. आता ही तुझी पिन."

प्रोसेसर आणि वरचा थंड करणारा पंखा यांच्यामध्ये एक राखाडी पेस्ट घालतात, उष्णता वाहून नेण्यासाठी. पेस्ट घालण्याची प्रत्येकाची पद्धत असते आणि टाक्यावरून जशी भरणारी ओळखू येते तसा पेस्टवरून जुळवणारा ओळखू येतो. हे मधोमध मुगाएवढा ठिपका ठेवायचे. मी एक रेघ ओढते. थोरला फुली काढतो, चारही कोपरे भरायला हवेत म्हणून. हे जाण्याआधीच्या उन्हाळ्यात त्यांनी या संगणकाचा पंखा उचलून पेस्ट नवी घातली. बसून, थांबत थांबत. ते त्यांचे शेवटचे काम. त्यानंतर मी हा संगणक उघडलेला नाही, आणि कोणाला उघडू दिलेला नाही. पंखा उचलला की तो ठिपका गेला.

याच्या मागच्या झाकणाला चार स्क्रू आहेत. यांची रीत अशी की तीन आवळायचे आणि चौथा, खालचा डावा, बोटाने फिरेल इतका सैल ठेवायचा. "घाईत असलेल्या माणसाला एक तरी कमी लागावा," असे म्हणायचे. मी दर आठवड्याला धूळ पुसताना तो सैल स्क्रू बोटाने थोडा फिरवून पाहते. सवय म्हणा.

थोरला आणि सूनबाई गेल्या महिन्यात चार दिवस राहून गेले. ते गेल्यावर मी धूळ पुसायला बसले, तर चौथा स्क्रू घट्ट. आणि त्याच आठवड्यात जुना संगणक बंद पडला. बटण दाबले तर पंखासुद्धा फिरेना.

कलम ५. घर

वरील कारणांवरून माझी अशी खात्री झाली आहे की मी नव्या संगणकावर यावे म्हणून थोरल्याने जुना उघडून मुद्दाम निकामी केला. याच्या जोडीला हेही नमूद करते की ते दोघे असतानाच एक दलाल येऊन पुढच्या खोलीला टेप लावून गेला. मी विचारले तेव्हा थोरला म्हणाला, "सहज. किंमत बघत होतो." सहज कोणी दुसऱ्याच्या भिंती मोजत नाही.

सबब, राहते घर, पुढच्या खोलीसह, पूर्णपणे धाकटीला मिळावे. थोरल्याला घरात कोणताही हक्क राहू नये.

(हे कलम पुढे रद्द केले आहे. खोडलेले नाही, कारण कापडाची मागची बाजू दिसायला हवी. शेजारी माझी सही आहे.)

येथवरचा मजकूर नऊ फेब्रुवारीला लिहून झाला. त्या रविवारी मी साक्षीदार म्हणून दातांच्या डॉक्टरांना आणि शिवणकामवाल्या वहिनींना बोलावले. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवून सगळे वाचले. पुढे जे झाले ते मृत्युपत्राचा भाग समजावा.

"बाई, दात काढण्याआधी मी पेशंटला तोंड उघडायला सांगतो," डॉक्टर म्हणाले.

"बरं मग?"

"तुम्ही पोटचा मुलगा उपटायला निघालात. आत बघितलंत का?"

"बघायला कशाला हवं? स्क्रू घट्ट, मशीन बंद. चोर वेगळा काय असतो?"

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते कधी कधी."

"आमच्या फांदीवर कावळा टेप घेऊन आला होता, डॉक्टर."

वहिनींनी आतापर्यंत चहाच्या कपातून तोंड वर काढले नव्हते. त्या म्हणाल्या, "ब्लाउज घट्ट होतो म्हणून बाया माझ्याशी भांडायला येतात. मी आधी शिवण उसवते. मग ठरवते, चूक माझी की त्यांच्या जेवणाची. तुम्ही उसवा हो, ताई."

"उसवलं तर यांचं शेवटचं काम जाईल," मी म्हणाले.

 मग डॉक्टर म्हणाले, "आणि नाही उसवलं तर?"

मला त्यांचा राग आला. जन्मभर ज्या बाईने लोकांना सांगितले की उघडता येते त्यावरच विश्वास ठेवा, तिच्या घरात एकच डबा असा होता की जो उघडायचा नाही, आणि त्याच्यावरून ती मुलाला घराबाहेर काढत होती. हे मला डॉक्टरांनी सांगितले नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते लिहिलेले होते आणि ते मला वाचता आले. मी म्हणाले, "बसा दोघं. उठायचं नाही. नंतर म्हणू नका, बाईनेच पुरावा बदलला."

संगणक टेबलावर घेतला. चारही स्क्रू काढले, झाकण सरकवले. आतला बोर्ड निळा होता.

आमचा बोर्ड तपकिरी. मीच तो बसवला होता.

"बघा!" मी म्हणाले. "आता काय म्हणता? बोर्ड पळवला! माझा चांगला बोर्ड नेला आणि हे काहीतरी आणून बसवलं."

"जुना बोर्ड विकून त्याला काय मिळणार, ताई?" वहिनींनी विचारले. "एक समोसाही यायचा नाही."

"ते त्यालाच विचारा."

"प्रोसेसर तरी तोच आहे का?" डॉक्टर म्हणाले.

ते पाहायचे तर पंखा उचलणे आले. सहा वर्षांची पेस्ट दगडासारखी होते. पंखा ओढला तर प्रोसेसर खाचेतून उपटून त्याच्यासोबत वर येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी ऊब द्यायची आणि मग ओढायचे नाही, हलके फिरवायचे. वहिनींनी वरून केस वाळवायचे यंत्र आणले. मी ऊब दिली आणि पंखा दोन बोटांनी धरून फिरवला.

तो लगेच फिरला.

 सहा वर्षांची पेस्ट अशी फिरत नाही. ही नंतरची. पंखा उचलला. पेस्ट मऊ होती आणि चारही कोपऱ्यांपर्यंत पोचलेली होती. ठिपका कोपऱ्यांत पोचत नाही. ही फुली. तो ठिपका, ज्याच्यासाठी मी इतकी वर्षे स्वतःलाही दूर ठेवले, तो केव्हाच पुसला गेला होता, आणि मी दर आठवड्याला वरून धूळ पुसत होते.

"थोरल्याचा हात," मी म्हणाले. 

डॉक्टरांनी आपले भिंग पुढे केले. मी कडी वर केली, प्रोसेसर उचलला आणि उलटा केला. कोपऱ्याजवळची पिन मानेत कललेली होती.

मग मी थोरल्याला फोन लावला. दोघा साक्षीदारांना ऐकू जावा असा मोठा ठेवला, आणि त्याला ते सांगितले नाही.

"तू संगणक उघडलास."

 तो म्हणाला, "तू उघडलास?"

"मी विचारलं ते सांग. कधी?"

"तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तू तीन महिने धाकटीकडे होतीस. झाडांना पाणी घालायला आलो होतो. म्हटलं, तुझे फोटो चालू करून बघावेत. चालूच होईना. बोर्ड गेला होता, आई. वरचे कपॅसिटर फुगले होते."

"मग मला सांगायचं!"

"काय सांगायचं? बाबांचा गेला म्हणून? त्या आवाजात 'कोणी उघडलं?' विचारलं असतंस. आता विचारतेयस तसं."

"निळा कुठून आणलास?"

"त्या खाचेचे बोर्ड आता कोणी बनवत नाही. भंगारवाल्यांकडे फिरलो. दोन महिने गेले. ऑफिसात हसायचे लोक, हा दिवसा सोल्डर करतो आणि संध्याकाळी खाचा हुडकतो म्हणून." आणि म्हणाला, "प्रोसेसर चांगला होता ना. काढता आला. बाबा म्हणायचे तेच."

"ठिपका होता का?"

"होता. मधोमध. मी खूप वेळ पुसलाच नाही."

वहिनी पदराने नाक पुसत होत्या. डॉक्टर खिडकीबाहेर पाहत होते, जिथे पाहण्यासारखे काही नाही, समोरची भिंत आहे. मी मात्र विचारायचे ते विचारले.

"आणि आता बंद का पाडलास?"

"मी? मी काय पाडलं? बंद पडला?" त्याचा आवाज खरोखर घाबरा झाला. "म्हणूनच नवा आणला ना मी! आता याचा बोर्ड गेला तर मला तिसरा मिळायचा नाही, म्हणून तुला आधीच सवय लागावी म्हटलं."

"मग चौथा स्क्रू कोणी आवळला?"

मागून सूनबाईंचा आवाज आला. "आई, तो मागचा का? तो सैल होता हो. पडून हरवेल म्हणून मी पिळला. नाण्याने."

टापटिपीबद्दल मी कलम दोनमध्ये लिहिले आहे तेच कायम ठेवते.

प्रोसेसर परत बसवला. पेस्ट घालताना माझा हात अडला. ठिपका घालावा असे फार वाटले. पण नक्कल ती नक्कल. मी माझी रेघ ओढली. मग कपाटातला जुना वीजपुरवठ्याचा डबा काढून जोडला, कारण बोर्डाला खोट दिसत नव्हती आणि आतल्या डब्याला जळका वास येत होता. बटण दाबले. एकच टीप वाजली. या धंद्यात ती एक टीप म्हणजे सगळे आपापल्या जागी आहे. डॉक्टरांनी टाळी वाजवली आणि मग लाजले.

कलम ५, दुरुस्त

राहते घर थोरल्याला आणि धाकटीला निम्मे निम्मे मिळावे. टेप लावणाऱ्या दलालाविषयी थोरल्याने जे स्पष्टीकरण दिले, की धाकटीचा वाटा पुढे विकत घेऊन स्वतः इथे राहायला यायचे मनात आहे, ते ऐकायला गोड आहे आणि मला पुरते पटलेले नाही. म्हणून एकाला दुसऱ्याच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येऊ नये, आणि पुढच्या खोलीतले टेबल, घर कोणाकडेही गेले तरी, हलवू नये. तो खरेच राहायला आला तर टेबल त्याचेच आहे. नवा चपटा संगणक मी वापरीन. पट्टी राहील.

बँकेतली ठेव दोघांना सारखी. लॉकरची किल्ली माझ्याकडेच, आणि मजकूर कोणी फोडला याचा तपास चालू आहे.

कलम ६. जुना संगणक, अखेरचे

तो थोरल्याला द्यावा. प्रोसेसर सांभाळावा म्हणून नव्हे. बोर्ड पुन्हा जाईल, किंवा पंखा, किंवा कलत्या मानेची ती पिनसुद्धा एक दिवस तुटेल. माझ्यामागे उघडायची वेळ आली की त्याने बिनधास्त उघडावा. आत माझी रेघ असेल. ती आईचा हात म्हणून जपून ठेवायची नाही. स्वच्छ फडक्याने पुसायची आणि आपली फुली काढायची. पुसताना खूप वेळ घेतला तरी चालेल.

झाकण बंद करताना तीन स्क्रू आवळावे. चौथा सैल ठेवावा. हे सूनबाईंनाही वाचून दाखवावे.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांच्या देखत सही केले आहे. त्यांनी माझ्या देखत आणि एकमेकांच्या देखत सह्या केल्या आहेत. पेन सगळ्यांचे एकच होते आणि ते मला परत मिळाले आहे.

लिहून ठेवणार: (सही) पुढच्या खोलीतल्या बाई

साक्षीदार पहिला: (सही) दातांचे डॉक्टर. उघडून पाहिले. तोंड ठीक आहे.

साक्षीदार दुसरी: (सही) वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या वहिनी

स्थळ: राहते घर, पुढची खोली, कामाचे टेबल
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५